ब्राउझरची भाषा बदलताय? या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणाचा तरी फोन येतोच. "क्रोम मराठी केलं, पण काहीच झालं नाही." माझा पहिला प्रश्न ठरलेला: नक्की काय मराठी करायचं होतं? ब्राउझरचे मेन्यू, आत उघडणारी वेबसाइट आणि कीबोर्ड, या तिघांची भाषा तीन वेगळ्या ठिकाणी बदलते. एक बदलली म्हणून दुसरी जागची हलत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भाषा चुकली की ब्राउझर उडवून परत टाकणं. कोथरूडला आमच्याच सोसायटीतल्या एका काकांच्या लॅपटॉपवर हे झालं. त्यांना मेन्यू मराठीत हवे होते. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे 'दोन मिनिटांचं काम आहे काका'. भाषांची यादी इंग्रजी वर्णानुक्रमाने लागते, त्यामुळे मराठीच्या वरच मलय, मल्याळम ही मंडळी बसलेली असतात. पठ्ठ्याने 'एम-ए' एवढंच वाचलं, क्लिक केलं, रीलाँच केलं (म्हणजे क्रोम बंद करून पुन्हा उघडलं) आणि क्लासला पळाला. काकांसमोर अख्खं क्रोम मल्याळममध्ये. अक्षरं गोल, देखणी, पण त्यातलं 'सेटिंग्ज' कुठलं हे कोण सांगणार?

रात्री भाचा परत आला आणि त्याने क्रोम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकलं. उघडलं, तर परत मल्याळम! होणारच. अनइन्स्टॉल केलं तरी तुमचं प्रोफाइल, म्हणजे क्रोमने साठवलेली तुमची माहिती, विंडोजमध्ये मागे राहतं आणि भाषेची निवडही त्याच्यासोबत राहते. मग दुसऱ्या खेपेला त्याने 'ब्राउझिंग डेटाही पुसा' या चौकोनात टिक केली. मल्याळम गेलं, आणि त्याच्याबरोबर काकांचे साठवलेले सगळे पासवर्ड आणि बुकमार्कही गेले. गूगल खात्याशी सिंक केलेलं नव्हतं, म्हणजे त्यांची प्रत खात्यात कुठे नव्हतीच. एफडीचं व्याज जमा झालं का बघायला बसलेले काका पुढचे दोन दिवस पासवर्ड रीसेट करत होते. मला बोलावलं ते हे सगळं होऊन गेल्यावर.

खरा उपाय मिनिटभराचा होता. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'क्रोम', कोलन, दोन स्लॅश, 'सेटिंग्ज', एक स्लॅश, 'लँग्वेजेस' असं लिहायचं आणि एंटर मारायचं. मेन्यू कुठल्याही भाषेत असोत, हा पत्ता तोच राहतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'क्रोम'च्या जागी 'एज' लिहा. फायरफॉक्समध्ये 'अबाउट', कोलन, 'प्रेफरन्सेस'. क्रोममध्ये नवी भाषा जोडायचं बटण दाबलं की उघडणाऱ्या यादीत भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीतही असतं, म्हणून 'मराठी' लगेच डोळ्यात भरतं. ती जोडा, तिच्यापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करा, चौकोनवाल्या ओळीत ('या भाषेत दाखवा' अशा अर्थाच्या) टिक करा आणि रीलाँच करा. चुकून अरबी निवडली असेल तर आणखी गंमत: अख्खी मांडणी उजवी-डावी उलटते आणि तीन टिंबं डावीकडे जाऊन बसतात. घाबरू नका, पत्ता तोच.

माझी स्वतःची सवय सांगतो. काहीही बदलण्याआधी मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. भाच्यासारख्या लोकांना हे म्हातारपणाचं लक्षण वाटतं. वाटू दे.

दुसरी नेहमीची चूक: भाषांच्या यादीत मराठी सगळ्यात वर नेऊन ठेवायची आणि मेन्यू बदलायची वाट बघत बसायचं. हा क्रम मेन्यूसाठी नाहीच. ब्राउझर तो वेबसाइटला कळवतो, की या माणसाला आधी मराठी चालेल, मग इंग्रजी. साइटकडे मराठी पान असलं तर ती देईल, नसलं तर काय देणार? गूगलची भाषा तर तुमच्या खात्यात वेगळी ठरलेली असते, ती तिथेच जाऊन बदलावी लागते. आणि पान आपोआप भाषांतरित होतं तो पुन्हा तिसराच प्रकार. बँकेच्या साइटवर तो चालू ठेवू नका. 'होम' बटणाचं 'घर' झालेलं एक वेळ चालेल, पण व्यवहाराच्या अटी यंत्राच्या मराठीत कशाला वाचायच्या?

मॅकवर क्रोममध्ये 'या भाषेत दाखवा' हा पर्याय शोधत बसू नका, तिथे तो नसतोच. क्रोम सिस्टीमची भाषा घेतं. सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'लँग्वेज अँड रीजन'च्या खाली फक्त क्रोमपुरती वेगळी भाषा लावता येते. लिनक्सवरही क्रोम सिस्टीमचंच ऐकतं.

रीलाँच न करता 'बदललं नाही' म्हणणारे वेगळेच. पण अकरावी प्रवेशाचा फॉर्म अर्धा भरलेला असताना रीलाँच करणारे त्याहून थोर. टॅब परत उघडतात, त्यात टाइप केलेलं परत येईल याची खात्री नाही. इन्कॉग्निटो (इतिहास न साठवणाऱ्या) खिडक्या तर परत उघडतच नाहीत.

मेन्यू मराठी झाले म्हणून टायपिंग मराठी होत नाही. कीबोर्ड विंडोजच्या सेटिंगमध्ये जोडायचा आणि विंडोज-स्पेसबार दाबून बदलायचा.

अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंग्जमध्येच 'लँग्वेजेस' मिळेल. आयफोनवर मेन्यूंची भाषा क्रोममध्ये बदलत नाही, ते सेटिंग फोनच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या नावाखाली असतं. तिथेही दिसलं नाही तर आधी फोनच्या भाषांमध्ये मराठी जोडा आणि मग परत बघा.