गोयडर लाइन गाडीनं बघायची असेल तर

साउथ ऑस्ट्रेलियाचा कोरडा मुलूख कसा वसला आणि कसा ओस पडला हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ॲडलेडहून उत्तरेला गाडी काढा, तीन दिवस हातात ठेवा.

निघायच्या आधी नकाशावर गोयडर लाइन शोधाच. 1865 च्या दुष्काळात सर्व्हेयर जनरल, म्हणजे सरकारी जमीन मोजणीचा प्रमुख, जॉर्ज गोयडर घोड्यावरून फिरला, झाडझुडूप बघून त्यानं ही रेषा आखली, दक्षिणेला गहू पिकेल आणि उत्तरेला फक्त मेंढ्या पाळा. वर्षाला साधारण 250 ते 300 मिमी पावसाची ही हद्द.

पहिला मुक्काम बर्रा. इथं 1845 ला तांब्याची खाण सुरू झाली, कॉर्नवॉलचे खाणकामगार आले, आणि घरं पुरेनात म्हणून शेकडो लोक ओढ्याच्या काठात बिळं खोदून बायकापोरांसकट राहिले! त्यातली काही अजून आहेत, ती बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. कर्जात बुडालेली साउथ ऑस्ट्रेलियाची वसाहत या तांब्यानं सावरली. 1877 ला खाण बंद पडली.

मग ओरोरू, कॅरीटन, हॅमंडच्या बाजूनं हॉकर गाठा. 1870 च्या दशकात पाऊस बरा झाला, नांगर फिरला की मागून पाऊस येतो असं लोक खरंच मानायला लागले, सरकारनं रेषेच्या दक्षिणेलाच शेतजमीन द्यायची ही अट 1874 ला काढली आणि शेतकरी थेट उत्तरेला सरकले, गावं आखली, रेल्वे आली, आणि 1880 पासून पाऊस गेला. रस्त्यात गव्हाची शेतं संपून सॉल्टबुशची करडी झुडपं कुठं सुरू होतात तिकडे लक्ष ठेवा, छप्पर नसलेली दगडी घरं तिथूनच जास्त दिसतात. मला यात शेतकऱ्यांचा दोष वाटत नाही, गोयडरनं सांगून ठेवलेलं असताना जमीन सरकारनंच विकली.

हॉकरजवळची कन्याका, दगडी घरांचे पडके अवशेष, मात्र गव्हाची नाही, 1850 च्या दशकातलं मेंढ्या पाळायचं मोठं ठाणं आहे ते, बरेच जण गल्लत करतात.

शेवटी फरिना. पीठ दळायच्या आशेवर वसवलेलं, आता नुसत्या भिंती. हिवाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक तिथली जुनी जमिनीखालची भट्टी पेटवून पाव विकतात, त्या तारखा बघूनच जा.

आणि हा मुलूख रिकामा कधीच नव्हता, बर्राकडे न्गाजुरी आणि फ्लिंडर्स डोंगरात अद्न्यामथन्हा लोक आधीपासून होते, त्यामुळे पाटी दिसली तर थांबून वाचा, कुंपण ओलांडू नका. हॉकरला टाकी फुल करा, पाणी जास्तीचं घ्या.