धोकादायक इमारतीची तक्रार कशी करावी, आणि पुढे काय होतं

इमारत कोसळण्याआधी बहुधा बरेच दिवस इशारे देत असते. ते ओळखून पालिकेला लेखी कळवणं हे तुमचं काम आहे.

आधी नीट पाहा. खांबांना किंवा तुळयांना गेलेल्या भेगा, स्लॅबचा फुगून पडलेला गिलावा, उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या, अचानक घट्ट बसू लागलेली दारं ही लक्षणं गंभीर आहेत. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. वरून गिलावा थापून हे थांबत नाही. भेग वाढतेय का हे पाहायचं असेल, तर तिच्यावर आडवी पातळ काच दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली की भेग हलते आहे. खांब वाकला किंवा कडकड आवाज येऊ लागला, तर मात्र काही तपासत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला कळवा.

तुंबलेलं सांडपाणी, सततची ओल, पिण्याच्या पाण्यात मिसळणारा मैला यांचीही तक्रार होते. ही कामं अनेक ठिकाणी आरोग्य विभाग पाहतो.

अर्जात पत्ता, मजला, नेमकी जागा आणि तारीख लिहा. फोटोत भेगेशेजारी मोजपट्टी धरा. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

त्यानंतर अभियंता पाहणी करतो. गरज वाटल्यास स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी होते. त्यात ध्वनिलहरींची चाचणी घेतात, काँक्रीटचे नमुने काढतात. मग मालकाला मुदतीची नोटीस जाते: दुरुस्ती करा, रिकामी करा किंवा पाडा. त्याने टाळाटाळ केली, तर बऱ्याच कायद्यांत पालिका स्वतः काम करून खर्च वसूल करू शकते. भाडेकरूंनो, घर सोडण्याआधी तुमच्या ताब्याची आणि क्षेत्रफळाची लेखी नोंद करून घ्या. हे सर्वात जास्त लोक विसरतात.

अहवाल आला म्हणजे काम झालं असं समजू नका. फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये 24 जून 2021 रोजी 12 मजली इमारतीचा मोठा भाग कोसळून 98 माणसं गेली. तिथल्या पोहण्याच्या तलावाभोवतालच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचं अभियंत्याने 2018 मध्येच लिहून दिलं होतं. म्हणून नोटिशीची मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोचेच्या प्रतीसह पुन्हा कार्यालयात जा आणि पुढच्या कारवाईची तारीख लेखी मागा.