'टॉप ऑफ द पॉप्स'चे जुने भाग बघायचे तर आधी जुनी पत्रं काढा

जानेवारी १९८२ मध्ये मी कराडहून इंग्लंडमधल्या लेस्टरला आले तेव्हा आमच्या भाड्याच्या खोलीतला टीव्ही नाण्यावर चालायचा. मागे एक पेटी होती, तिच्यात ५० पेन्सचं नाणं टाकलं की ठरावीक वेळ चित्र दिसायचं आणि मग खटकन काळोख. गुरुवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बीबीसी वनवर 'टॉप ऑफ द पॉप्स' लागायचं, म्हणजे त्या आठवड्यात खपणाऱ्या गाण्यांचा कार्यक्रम. त्या कार्यक्रमात पहिल्या क्रमांकाचं गाणं नेहमी शेवटी असायचं, आणि आमचं नाणं बहुतेक वेळा त्याच्या आधीच संपायचं. दुसरं नाणं असायचं घरात, पण ते दुधाचं होतं.

राहिलेली ती शेवटची गाणी बघावीत म्हणून मी निवृत्तीनंतर जुने भाग शोधायला बसले. गेली काही वर्षं हेच चाललंय. त्यातून जी पद्धत बसली ती सांगते, कारण पुष्कळ जण माझ्याकडे येऊन म्हणतात, "यूट्यूबवर गाणं बघितलं की झालं." तसं होत नाही. गाणं कुठेही मिळतं. त्या आठवड्यात त्या गाण्याच्या आधी काय लागलं, नंतर काय लागलं, कुठलं टुकार गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, हे फक्त अख्ख्या भागात मिळतं. तुम्ही त्या वेळी जे जगलात ते त्या क्रमानं जगलात.

आधी तारीख

कुठला भाग बघायचा हे गाण्यावरून ठरवू नका, स्वतःच्या आयुष्यातल्या तारखेवरून ठरवा. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत मी पाठवलेली सगळी निळी एरोग्रॅम सापडली, गाठ मारून ठेवलेली. प्रत्येकावर तारीख. मी ती आठवड्यांप्रमाणे लावली आणि ज्या आठवड्याचं पत्र आहे त्या आठवड्याचाच भाग बघायचा असं ठरवलं. तुमच्याकडे पत्रं नसतील तर फोटोच्या मागची तारीख, बाळाचा जन्मदाखला, पहिल्या पगाराची पावती, काहीही चालेल. "ऐंशीच्या दशकातलं काहीतरी बघू" म्हणून बसलात तर दोन भागांत कंटाळाल.

पत्र आधी वाचा, भाग नंतर बघा. उलट केलंत तर पत्रातलं काही नवं वाटणार नाही, कारण डोक्यात गाणंच घोळत राहतं.

मग आठवड्याचा चार्ट

चार्ट म्हणजे रेकॉर्डच्या विक्रीप्रमाणे क्रमांक लावलेली गाण्यांची यादी. ऑफिशियल चार्ट्सच्या वेबसाइटवर जुन्या प्रत्येक आठवड्याचा चार्ट आहे आणि तो भारतातूनही उघडतो. तारीख घातली की यादी समोर येते. पण इथे बरेच जण फसतात, मीही फसले होते. चार्टच्या पुस्तकांत आठवडा संपतो त्या शनिवारची तारीख देतात, आणि कार्यक्रम लागायचा त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी. म्हणजे पुस्तकात १७ एप्रिल १९८२ असेल तर तुमचा भाग १५ एप्रिलचा. मी सुरुवातीला पुढच्या गुरुवारचा भाग लावायचे आणि पत्राशी काहीच जुळायचं नाही.

त्यामागचं चक्र समजून घेतलं की घोळ होत नाही. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री शनिवारपर्यंत मोजायची, मंगळवारी दुपारी रेडिओ वनवर नवा चार्ट जाहीर व्हायचा, साधारण बुधवारी स्टुडिओत चित्रीकरण आणि गुरुवारी प्रक्षेपण. इतक्या घाईत हे उभं राहायचं, म्हणून त्या भागांत एक धावपळ दिसते: फुगे, झेंडे, कॅमेऱ्यासमोर कुठे उभं राहायचं ते न कळलेली पोरं. ऑक्टोबर १९८७ पासून चार्ट रविवारी जाहीर व्हायला लागला, त्यामुळे नंतरच्या भागांत ती घाई कमी जाणवते.

चार्टची यादी शेजारी घेऊनच भाग बघा. कारण कार्यक्रमात सगळी चाळीस गाणी कधीच नसायची. मुख्य नियम असा होता की खाली घसरणारं गाणं घ्यायचं नाही, वर चढणारं किंवा नव्यानं आलेलं घ्यायचं, आणि पहिला क्रमांक सोडला तर तेच गाणं लागोपाठ दोन आठवडे लावायचं नाही. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावरचं गाणं गायब आणि सत्ताविसाव्या क्रमांकावरचं हजर, असं सर्रास दिसतं. यादीवर पेन्सिलीनं खुणा करत गेलं की कोण चढतंय, कोण उतरतंय ते कळतं, आणि पुढच्या गुरुवारची ओढ लागते. ती ओढ हाच या कार्यक्रमाचा जीव होता.

भाग कुठे मिळतो

बीबीसी फोर या वाहिनीनं एप्रिल २०११ पासून जुने भाग क्रमानं दाखवायला सुरुवात केली, १९७६ पासून. ते भाग काही दिवस आयप्लेयरवर, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर राहतात. आयप्लेयर फक्त ब्रिटनमध्ये चालतो आणि त्याला टीव्ही लायसन्स लागतं. माझ्या वर्षाचे भाग लागले तेव्हा लेकीनं रेकॉर्डरवर उतरवून दिले. एक खबरदारी: काही भागांच्या दोन प्रती लागायच्या, संध्याकाळी अर्ध्या तासात बसवलेली कापलेली आणि रात्री उशिरा पूर्ण. शक्य तिथे रात्रीचीच घ्या. कापताना नेमकं ते गाणं जातं जे पुढे कुणाला आठवत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं.

कुठल्या तारखेला भाग होता, निवेदक कोण होता, हे तपासायला बीबीसी जीनोम वापरा. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकातल्या जुन्या कार्यक्रमपत्रिका तिथे उतरवून ठेवल्या आहेत. मात्र ती पत्रिका आधी छापलेली असते, प्रत्यक्षात काय लागलं त्याची ती नोंद नाही.

आणि घरात लेबल नसलेली व्हीएचएस कॅसेट सापडली तर सुरुवातीच्या संगीतावर कान ठेवा. 'यलो पर्ल'ची धून असेल तर भाग १९८१ ते १९८६ मधला. त्यानंतर १९९१ पर्यंत 'द विझर्ड' वाजायचं. पहिल्या दहा सेकंदांत अर्धं काम होतं.

जे मिळणार नाही

हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरच्या डिकन्सन रोडवरच्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओतून सुरू झाला. पण पहिल्या दहा-बारा वर्षांतले बहुतेक भाग आज नाहीत. टेप महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. बीटल्स जून १९६६ मध्ये स्वतः स्टुडिओत आले होते, तो भागसुद्धा गेला. कुणीतरी घरच्या टीव्हीवरून चित्रित केलेला एक छोटा तुकडा तेवढा २०१९ मध्ये समोर आला. डेव्हिड बोवीचं जानेवारी १९७३ चं एक सादरीकरण वाचलं ते कॅमेरामननं स्वतःजवळ प्रत ठेवली होती म्हणून. तेव्हा तुमची तारीख १९७६ च्या आधीची असेल तर शोधाला मर्यादा घालून घ्या, नाहीतर महिने जातात.

दुसरी रिकामी जागा वेगळ्या कारणाची आहे. जिमी सॅव्हिल या निवेदकाचे लैंगिक अत्याचाराचे गुन्हे २०१२ मध्ये उघड झाले आणि त्याचे भाग पुन्हा दाखवणं थांबलं. आणखीही काही भाग अशाच कारणांनी वगळले जातात. मला हे योग्य वाटतं. माझ्या १९८२ मधले काही गुरुवार त्यामुळे कोरे आहेत. त्या आठवड्यांचा चार्ट वाचते, पत्र वाचते आणि पुढे जाते. कुठून तरी चोरटी प्रत मिळवून तो माणूस घरात बसवायची माझी इच्छा नाही.

तिसरी १९८० ची. संगीतकारांच्या संघटनेच्या संपामुळे मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत कार्यक्रमच झाला नाही. त्या उन्हाळ्यात तुमची महत्त्वाची तारीख असेल तर भाग हरवलेला नाही, तो मुळात नव्हताच.

बघताना

घाई करू नका, पुढे ढकलू नका. रिमोट दुसऱ्याच्या हातात द्या हवं तर. नावडतं गाणं आलं की बोट शिवशिवतं, पण त्या तीन मिनिटांतच मागे नाचणारी पोरं, त्यांचे कपडे, केसांची टोपली नीट दिसते. मला माझ्या पहिल्या थंडीची खरी आठवण एका गाण्यानं नाही, तर स्टुडिओतल्या एका मुलीच्या पिवळ्या लोकरी गळपट्ट्यानं आणून दिली. तसाच आमच्या शेजारच्या आजींनी मला विणून दिला होता.

गाणारे बहुतेक वेळा ओठ हलवत असतात, वाद्यांना वायर नसते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपण प्लेबॅकवर वाढलेली माणसं, आपल्याला त्यात खटकायचं काही कारण नाही. पण ऑक्टोबर १९९१ मध्ये कार्यक्रम एल्स्ट्रीच्या स्टुडिओत गेला आणि गायकानं प्रत्यक्ष गायचं असा नियम आला. त्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक भाग लागोपाठ बघा. कोणाचा गळा किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

न कळलेले शब्द लिहून ठेवा. ऑक्टोबर १९८२ मध्ये बर्मिंगहॅमच्या म्युझिकल यूथ या शाळकरी पोरांचं 'पास द डची' पहिल्या क्रमांकावर होतं. मी तेव्हा होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर नुकती लागले होते, सगळ्या बायका ते गुणगुणायच्या आणि मला वाटायचं डची म्हणजे डच बाई. शेजारच्या मशीनवरच्या जमैकाच्या बाईनं हातानं आकार करून दाखवला: भांडं, स्वयंपाकाचं पातेलं. त्या दिवसापासून ती आणि मी डबा वाटून खायला लागलो. हा भाग मी आता बघितला तेव्हा वहीत गाण्याच्या नावापुढे तिचं नाव लिहिलं. वहीत हेच लिहायचं असतं. गाण्याबद्दलची माहिती इतरांनी लिहून ठेवलेलीच आहे.

आठवण तपासताना

१९८२ च्या वसंतातल्या एका पत्रात मी आईला लिहिलं होतं, "आज टीव्हीवर आपल्याकडची दिसणारी मुलगी गात होती, आणि तबला होता. इथे सगळ्यांना ते आवडलंय, तिचं गाणं पहिलं आलंय." नाव लिहिलं नव्हतं. ते गाणं म्हणजे मॉन्सून या गटाचं 'एव्हर सो लोनली', आणि ती शीला चंद्रा, लंडनमध्ये जन्मलेली, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. मी स्वतः वीस वर्षांची होते. लेस्टरमध्ये गुजराती आणि पंजाबी घरं खूप होती, मराठी बोलायला मात्र घरातल्या माणसाशिवाय कोणी नव्हतं, आणि अचानक त्या काचेच्या पेटीतून सतार ऐकू आली.

चार्ट उघडला तर ते गाणं बाराव्या क्रमांकाच्या वर कधी गेलंच नाही. त्या दिवसांत पहिल्या क्रमांकावर पॉल मॅकार्टनी आणि स्टीव्ही वंडर होते. मी आईला खोटं लिहिलं नव्हतं. नाणं संपलं, टीव्ही बंद झाला, आणि मी शेवटचं बघितलेलं गाणं तेच असणार. माझ्यासाठी तो कार्यक्रम तिथेच संपला होता, म्हणून ते पहिलं. असं काही सापडलं तर आठवण खोडू नका, शेजारी खरा आकडा लिहा. मी पत्राच्या कडेला पेन्सिलीनं १२ लिहून ठेवलंय.

भारतातून करायचं असेल तर अख्खे भाग अधिकृतपणे मिळणं अवघड आहे. पण चार्ट आणि जीनोम दोन्ही उघडतात, त्यामुळे तारीख, क्रम आणि यादी इतकं काम घरबसल्या होतं. इकडे कुणी नातेवाईक असेल तर त्याच्याकडे आल्यावर बघायच्या तारखांची चिठ्ठी आधीच तयार ठेवा. माझी कराडची वहिनी आली होती तेव्हा तिनं तिच्या लग्नाच्या आठवड्याची तारीख आणली होती, आणि आम्ही दोघी तो भाग चहा घेत शेवटपर्यंत बघितला.

एक भाग मात्र मी तेव्हाच पूर्ण बघितला होता. फेब्रुवारी १९९८ च्या अखेरीस कॉर्नरशॉपचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' पहिल्या क्रमांकावर आलं. हा गट आमच्या लेस्टरमध्येच सुरू झालेला, आणि गाणं आपल्या आशाताईंवर. आदल्या वर्षी ते साठाव्या क्रमांकाच्या वर गेलं नव्हतं, मग डीजे नॉर्मन कुकनं त्याचं नवं रूप केलं. तोवर टीव्ही आमचा स्वतःचा होता, मागे पेटी नव्हती. लेक अभ्यास सोडून आली, हे चप्पल घालून बाहेर निघाले होते ते दारातच थांबले. हा भाग शोधायचा असेल तर गुरुवार धरून बसू नका. जून १९९६ पासून कार्यक्रम शुक्रवारी गेला होता.