दहा गिग तांब्यावर कसं चालवायचं

दहा गिग, म्हणजे सेकंदाला दहा गिगाबिट वेगाचं नेटवर्क, म्हटलं की गिऱ्हाईक थेट फायबरचं कोटेशन मागतं. मी आधी टेप काढतो. शंभर मीटरच्या आत, एकाच इमारतीत असाल तर तांबं पुरतं, आणि पैसे केबलपेक्षा टोकं नीट बसवण्यावर घालावेत.

रॅकच्या आत सर्व्हर ते स्विच डॅक, म्हणजे तयार मिळणारी तांब्याची आखूड केबल टाका. दोन्ही टोकांना एसएफपी प्लस (स्विचच्या दहा गिग खाचेत बसणारा प्लग) बसवूनच येते, वीज जवळपास खात नाही. दुकानदाराला स्विचची कंपनी आधी सांगा. काही स्विच दुसऱ्या कंपनीची केबल ओळखायला नकार देतात.

भिंतीतून जायचं तर कॅट सिक्स ए दर्जाची नेटवर्क केबल. १०० मीटरची मर्यादा धरताना भिंतीतली लाइन ९० आणि दोन्हीकडचे पॅच कॉर्ड (जोडणीच्या सुट्या केबली) मिळून १०. जुनी कॅट सिक्स असेल तर उपटू नका, ५५ मीटरपर्यंत दहा गिग चालू शकतं; केबलींचा जुडगा दाट असेल तर ३७ च्या पुढे भरवसा नाही. कॅट फाइव्ह ई असली तरी अडीच गिग घ्या, तेवढ्यात बऱ्याच जणांचं भागतं.

केबलचा बॉक्स घेताना तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. परत करा.

आता खरं काम. कीस्टोनमध्ये (भिंतीवरच्या सॉकेटात) तारा पंच करताना, म्हणजे दाबून बसवताना, जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणून एकीचा आवाज दुसरीत शिरत नाही. पोरं सवयीने दोन इंच उलगडतात, वर टेस्टरवर आठही दिवे लागले म्हणून खूश! दिवे फक्त तारा जोडल्यात एवढंच सांगतात. केबल टाय करकचून आवळू नका, वेल्क्रो वापरा. लाइटच्या वायरींसोबत एका पाइपात तर अजिबात नको.

एसएफपी प्लसच्या खाचेत बसणारे आरजे ४५ (नेहमीच्या नेटवर्क केबलच्या सॉकेटचे) मॉड्यूल चटका बसेल इतके तापतात, बरेचसे ३० मीटरपुरतेच असतात. शेजारचा पोर्ट रिकामा सोडा.

शेवटी आयपर्फ थ्री हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर तासभर चालवा. ९.४ गिगाबिटच्या आसपास आकडा स्थिर राहिला आणि पोर्टवरचे एरर शून्य, तरच बिल द्या.

दोन इमारतींमध्ये मात्र फायबरच. पावसाळ्यात शेजारी वीज पडली की तांब्यातून येणारा झटका दोन्हीकडचे स्विच जाळतो.