सुरुवात फिट्झविल्यम स्क्वेअरपासून करा

डब्लिनला कलेचा इतिहास शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आधी काय वाचू? माझंही उत्तर ठरलेलं आहे. आधी चाला. वाचन पुढे आहेच, आणि ते कोणाला चुकत नाही.

या सल्ल्याला कारण आहे. यादवी युद्धाच्या सुरुवातीला, जून १९२२ अखेर, इथल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळून गेला. मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदवह्या, एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेचे तक्ते, असं शेकडो वर्षांचं दप्तर त्या आगीत गेलं. पुण्याचं पेशवे दफ्तर एका दुपारी खाक झालं असतं, तर मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यावर जी पाळी आली असती, तीच आयर्लंडच्या अभ्यासकावर आली. इतर देशांत कागद सांगतो ते इथे बऱ्याचदा घराच्या पत्त्यावरून काढावं लागतं. ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ नावाचा प्रकल्प २०२२ पासून जळालेल्या दप्तराच्या इतरत्र उरलेल्या नकला जुळवून ऑनलाइन देतोय. तो जरूर वापरा, पण सगळं तिथे मिळेल असं धरू नका.

पहिल्या आठवड्यात बुक ऑफ केल्स या मध्ययुगीन सचित्र हस्तलिखिताच्या रांगेत उभं राहायची घाई करू नका. त्याऐवजी लोअर बॅगट स्ट्रीटवर ६३ नंबरच्या घरासमोर जा. चित्रकार फ्रान्सिस बेकन १९०९ मध्ये इथे जन्मला. (त्याला आयरिश म्हणायचं की नाही, हा वाद डब्लिनकरांना फार आवडतो. मला तो कंटाळवाणा वाटतो.) तिथून चालत पाच-सात मिनिटांत फिट्झविल्यम स्क्वेअर लागतो. १८ नंबरला चित्रकार जॅक येट्स राहायचा. त्याच्या ‘लिफी स्विम’ या चित्राला १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळालं, कारण तेव्हा ऑलिंपिकमध्ये चित्रकलेचीही स्पर्धा असे. त्याच चौकात ३६ नंबरला चित्रकार मेनी जेलेटचं घर. आणि जवळच अप्पर पेम्ब्रोक स्ट्रीटवर, २४ नंबरला, सारा पर्सरने १९०३ मध्ये काढलेली ‘आन तूर ग्लिने’ ही रंगीत काचेची कार्यशाळा.

हे पत्ते एकदा पायाखालून गेले की वाचताना निसटणारी एक गोष्ट लक्षात येते: आयर्लंडच्या आधुनिक कलेतल्या किती बायका याच दोन-चार गल्ल्यांत वावरत होत्या! जेलेट आणि ईव्ही होन दोघी पॅरिसला गेल्या, आधी आंद्रे लोत आणि मग आल्बेर ग्लेझ या चित्रकारांकडे शिकल्या. जेलेटने १९२३ मध्ये ‘डेकोरेशन’ हे अमूर्त चित्र डब्लिनमध्ये मांडलं, तेव्हा समीक्षक जॉर्ज रसेल तिच्यावर तुटून पडला. आज ते चित्र नॅशनल गॅलरीत आहे. होन पुढे १९३३ मध्ये पर्सरच्या कार्यशाळेत दाखल झाली. इंग्लंडमधल्या ईटन कॉलेजच्या चॅपलची भव्य खिडकी तिची आहे.

मग प्रश्न पडतो, याच का? उत्तराचा मोठा भाग पैशात आणि वर्गात आहे. जेलेटचे वडील नामांकित बॅरिस्टर आणि खासदार होते. पर्सर व्यक्तिचित्रं रंगवून कमवायची आणि कमाई गिनेसच्या शेअर्समध्ये गुंतवायची. घराबाहेर उभं राहून मजले, खिडक्या, तळघराचा जिना, फुटपाथमधली कोळशाच्या कोठाराची लोखंडी झाकणं बघितली की हा वर्ग नजरेसमोर येतो. प्रबंधाचा विषय असाच सापडतो. ‘आयरिश आधुनिक कला’ हा विषय नाही. तो ग्रंथालयातला एक कप्पा आहे.

यानंतर कागद. नॅशनल लायब्ररीचं वाचकपत्र पहिल्याच आठवड्यात काढून टाका, ते फुकट मिळतं. ‘थॉम्स डिरेक्टरी’ हाताळायला शिका. तिच्यात घरागणिक रहिवाशाचं नाव असतं, त्यामुळे वर्षावर्षाचे खंड शेजारी ठेवले की कोण कधी आलं आणि कधी गेलं ते कळतं. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे कुटुंबवार तक्ते ऑनलाइन मोफत आहेत. घरात किती मोलकरणी होत्या, तेही त्यात सापडतं. इमारतींसाठी मेरियन स्क्वेअरवरचं आयरिश आर्किटेक्चरल आर्काइव्ह. विसाव्या शतकातल्या चित्रकारांची कात्रणं, आमंत्रणपत्रिका, प्रदर्शनांच्या याद्या यांसाठी थॉमस स्ट्रीटवरच्या कला महाविद्यालयातलं ‘निव्हाल’ हे दृश्यकलेचं संग्रहालय-ग्रंथालय. तिथे आधी वेळ ठरवून जा.

नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत. म्हणून तिथे एका वेळी एकच चित्र बघायला जावं. काराव्हाज्जोचं ‘द टेकिंग ऑफ क्राइस्ट’ कित्येक वर्षं लीसन स्ट्रीटवरच्या जेझुइट पाद्र्यांच्या जेवणघरात, हॉन्टहॉर्स्ट या डच चित्रकाराच्या नावावर टांगलेलं होतं. १९९० मध्ये गॅलरीचे संवर्धक सेर्जो बेनेदेत्ती यांनी ते ओळखलं. आयरिश चित्रकार फ्रेडरिक बर्टनचं ‘मीटिंग ऑन द टरेट स्टेअर्स’ (१८६४) हे जलरंगातलं असल्यामुळे उजेडापासून जपतात आणि आठवड्यातून ठरावीक वेळीच उघडतात. वेळ बघून जा. ज्या डॅनिश पोवाड्यावर ते बेतलंय, त्याचं भाषांतर व्हिटली स्टोक्सचं. हा डब्लिनकर पुढे भारतात कायद्यांचे मसुदे करायला आला आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य झाला. भारत-आयर्लंड संबंधांवर लिहू पाहणाऱ्यांनी हा माणूस ध्यानात ठेवावा.

त्यावरून एक सांगतो. भारतीय विद्यार्थी दिसला की इथे कोणीतरी त्याला डब्लिन कॅसलमधल्या चेस्टर बीटी संग्रहालयाकडे पाठवतंच. तिथली मुघल चित्रं अप्रतिम आहेत, आणि त्यांवर काम करावंसं वाटलं तर अवश्य करा. पण केवळ तुम्ही भारतीय आहात म्हणून तो विषय गळ्यात पडत असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. नागपूरच्या मुलीने हॅरी क्लार्कच्या काचचित्रांवर प्रबंध लिहिला तर आयरिश प्राध्यापकांना आनंदच होतो.

मी लोकांना शहरभर फिरवतो, त्याचा माझ्या लिखाणाला सर्वाधिक फायदा झाला. दारासमोर तीन-चार मिनिटांहून जास्त बोललं की लोक या पायावरून त्या पायावर होतात, आणि पावसात तर दीड मिनिटंच मिळतात. ‘सांस्कृतिक संदर्भ’ वगैरे शब्द तिथे टिकत नाहीत. मात्र विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही, त्यामुळे स्वतःचा फेरफटका काढून पैसे घेऊ नका. कोणा संस्थेत नोकरी म्हणून करा, तीही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत. नाहीतर वर्गमित्रांना फुकट फिरवा, शिकायला तेही पुरतं.

एरवी बंद असलेली घरं आत जाऊन बघायची तर ऑगस्टमधला हेरिटेज वीक, सप्टेंबरची कल्चर नाइट आणि ऑक्टोबरमधलं ओपन हाउस डब्लिन यांच्या तारखा आधीच टिपून ठेवा. या घरांचं बाहेरचं रूप साधं, विटांचं. छतावरचं चुन्याचं नक्षीकाम मात्र थक्क करतं. मायकल स्टेपलटनने अशी छतं घडवली, आणि त्याच्या संग्रहातली आरेखनं नॅशनल लायब्ररीत आहेत. छत बघून आलात की दुसऱ्या दिवशी ती मागवा, आणि पेन्सिल न्या, शाईचं पेन तिथे चालत नाही.