‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांना गाळू नका: सर्वेक्षणाच्या डेटावर पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी

निवडणूक सर्वेक्षणाच्या डेटावर प्रबंध लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे विद्यार्थी मला वरचेवर भेटतात. त्यांना आधीच सांगते, डेटा मिळवणं ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. दिल्लीच्या सीएसडीएसने (सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज या संशोधन संस्थेने) 1967 मध्ये देशपातळीवरचा पहिला मतदार अभ्यास केला. मधे खंड पडला, पण 1996 पासून प्रत्येक लोकसभा निवडणुकीला राष्ट्रीय निवडणूक अभ्यास झालेला आहे. 1997 पासून लोकनीती हा त्यांचाच उपक्रम ते काम बघतो. मतदारसंघनिहाय निकाल हवे असतील तर अशोका विद्यापीठातल्या त्रिवेदी सेंटरचा ‘लोक ढाबा’ हा ऑनलाइन डेटासाठा आहे. इतर देशांशी तुलना करायची असेल तर वर्ल्ड व्हॅल्यूज सर्वे आणि युरोपियन सोशल सर्वेच्या फाइली नोंदणी करून उतरवता येतात. वेटेज (उत्तरांना द्यायचा भार), सँपलिंग (नमुना निवडणं), रिग्रेशन (अनेक प्रश्नांच्या उत्तरांचा एकत्र संबंध मोजण्याची पद्धत) हे सगळं तुम्ही वर्गात शिकलेलाच आहात, त्यावर मी वेळ घालवत नाही.

मी अडकले ती जागा वेगळी होती, आणि तिथे माझं जवळजवळ एक वर्ष गेलं.

पहिली चूक लवकर पकडली गेली. युरोपियन सोशल सर्वेत संसदेवर किती विश्वास आहे हे 0 ते 10 मध्ये विचारतात. नकार दिला तर 77, माहीत नसेल तर 88, उत्तरच नसेल तर 99 असे कोड असतात. मी ते तसेच ठेवून सरासरी काढली. ज्या देशात लोक संसदेबद्दल बोलायला सर्वांत कमी तयार होते, तोच देश माझ्या तक्त्यात संसदेवर सर्वांत जास्त विश्वास ठेवणारा ठरला. कोडबुक, म्हणजे कुठल्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणारी पुस्तिका, न वाचता फाइल उघडली की असं होतं. घाबरू नका, ही चूक जवळपास प्रत्येकाकडून एकदा होते आणि दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात.

खरा घात पुढे झाला. त्या वेळच्या माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं, “ते सगळे कोड मिसिंग करून टाक आणि पुढे चल,” म्हणजे ती उत्तरं हिशेबातूनच वगळ. एका सीनियरने तयार सिंटॅक्स, म्हणजे सॉफ्टवेअरला द्यायच्या आज्ञांची यादी, दिला. भारतातल्या डेटावरही मी तोच चालवला. ‘सांगता येत नाही’, ‘मत नाही’, सगळं मिसिंग. तक्ते एकदम नीटनेटके झाले. त्यावर मी आख्खं तिसरं प्रकरण लिहिलं.

यात काय बिघडलं ते सावकाश सांगते, कारण वाचताना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. समजा, तुमच्याकडे 1000 उत्तरदाते आहेत, 500 स्त्रिया आणि 500 पुरुष. लोकशाहीच्या कारभारावर समाधानी आहात का, या प्रश्नाला 180 स्त्रिया आणि 70 पुरुष म्हणाले, सांगता येत नाही. हे 250 गाळले की 750 उरतात आणि त्यात स्त्रिया फक्त 320, म्हणजे 43 टक्के. मतदारयादीतून इतक्या काटेकोरपणे काढलेला नमुना तुम्ही एका आज्ञेत मोडलात. आता समजा, समाधानी 450 आहेत. 750 पैकी धरले तर 60 टक्के, 1000 पैकी धरले तर 45 टक्के. पहिल्या आकड्यावर तुम्ही ‘बहुसंख्य समाधानी’ असं लिहाल, दुसऱ्यावर लिहू शकणार नाही. डेटा तोच, लोक तेच! रिग्रेशनमध्ये असे सहा प्रश्न एकत्र घातले की प्रत्येक प्रश्नागणिक वेगळी माणसं गळतात आणि शेवटी मुख्यतः शिकलेले, बोलके पुरुष उरतात. आपल्याकडच्या सर्वेक्षणांत मत न देणाऱ्यांमध्ये स्त्रिया आणि कमी शिकलेले लोक जास्त असतात, हे जुनं निरीक्षण आहे. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

माझ्या ते लक्षात आलं फील्डवर. मतदानोत्तर सर्वेक्षणात मी मुलाखती घेत होते. (याला एक्झिट पोल म्हणू नका. इथे यादीत ज्याचं नाव आलं त्याच्याच घरी जायचं असतं, तो भेटला नाही म्हणून शेजाऱ्याला बसवायचं नसतं. मत कुणाला दिलं हे तोंडी न विचारता नमुना मतपत्रिकेवर खूण करून पेटीत टाकायला सांगतात.) एका गावात यादीतलं नाव एका मावशींचं होतं. त्या ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. लोकशाहीबद्दलचे तीन प्रश्न विचारले, तिन्हींना उत्तर एकच, “आमाला काय कळतंय त्यातलं, ह्यांना विचारा.” मी तिन्ही वेळा ‘सांगता येत नाही’वर गोल केला. मग नळाच्या पाण्याचा प्रश्न आला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. टाकी कधी मंजूर झाली, पाइप कुणाच्या आळीपर्यंत आला आणि कुठे थांबला, ग्रामसभेत कोण उठून बोललं आणि कुणाला खाली बसवलं, सगळं सांगितलं. मी लिहून घेईपर्यंत थांबत होत्या. त्या मुलाखतीत लोकशाहीवरचं सर्वांत नेमकं मत तेच होतं, आणि माझ्या सिंटॅक्सने मावशींना प्रकरणातून केव्हाच बाहेर काढलेलं असतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: ज्याने एकदाही प्रश्नावली हातात घेऊन दारं ठोठावलेली नाहीत, त्याच्याकडून डेटा ‘साफ’ करायला शिकू नका. दुसऱ्याचा सिंटॅक्स तर ओळ न् ओळ समजल्याशिवाय चालवूच नका. आणि मुलाखत घेताना “काहीतरी सांगा ना मावशी” असा आग्रह धरू नका. त्याने रकाना भरतो, पण ते मत तुमचं असतं.

मौनाचाही अभ्यास होऊ शकतो. आपल्या मताने देशाच्या कारभारावर परिणाम होतो का, हा प्रश्न राष्ट्रीय निवडणूक अभ्यासात 1971 मध्ये विचारला होता आणि 1996 मध्येही. या पंचवीस वर्षांत ‘हो’ म्हणणारे वाढले आणि ‘सांगता येत नाही’ म्हणणारे घटले. शेवटचा रकाना खोडला असता तर या बदलाची अर्धी गोष्ट दिसलीच नसती.

प्रकरण पुन्हा लिहायला मला चार महिने लागले. रडू आलं, मुदतवाढ मागावी लागली, ती मिळाली. तुमच्यावर अशी वेळ आली तर मुदतवाढ मागायला लाजू नका. तुमच्याआधी खूप जणांनी मागितली आहे. फक्त फाइल उघडल्यावर पहिल्याच दिवशी एक तक्ता करा: प्रत्येक प्रश्नाला कोण गप्प राहिलं, त्यात स्त्रिया किती, पुरुष किती, शिकलेले किती, न शिकलेले किती. माझ्याकडे तो तक्ता आता टेबलासमोर चिकटवलेला आहे. लोकशाहीच्या प्रश्नांसमोरचे आकडे मोठे आहेत, पाण्याच्या प्रश्नासमोरचा अगदी छोटा.