व्हॉल्व्ह अँप्लिफायरला हॉर्न स्पीकरची जोड

प्रत्येक चॅनेलला ३००बी हा एकच आउटपुट व्हॉल्व्ह (आवाजाचा विद्युत संकेत वाढवणारी काचेची निर्वात नळी) असलेला अँप्लिफायर जेमतेम ८ वॅट देतो. पण १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास आवाज देणाऱ्या हॉर्नला, म्हणजे भोंग्याच्या आकाराच्या स्पीकरला, घरच्या बैठकीत तेवढेही लागत नाहीत, म्हणून वॅटपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता आधी पाहावी. ८ ओमचा स्पीकर ८ ओमच्याच टर्मिनलला जोडावा. स्पीकर न जोडता अँप्लिफायर सुरू करू नये. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

खरी परीक्षा गुणगुणीची. गाणे न लावता ऐकावे. बसण्याच्या जागेपर्यंत घूं असा आवाज पोहोचत असेल, तर अँप्लिफायर कितीही गोड वाजला तरी घेऊ नये, कारण गोव्यातील मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींच्या गायनामागची तानपुऱ्याची आस (रेंगाळणारा नाद) त्यात बुडते. गोव्याच्या दमट पावसाळ्यात व्हॉल्व्हच्या पिना काळवंडतात. यंत्र बंद करून, ते पूर्ण थंड झाल्यावरच त्या पुसाव्यात.